अंतराळ-डावपेचांचे खेळ: यान कोणी घडवायचे, हिशेब कोणी मांडायचा?

पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या बाजारातून संत्र्यांचा ट्रक दिल्लीच्या वाटेला लागतो तेव्हा मालकाच्या हिशेबात डिझेलची किंमत असते, डिझेलचे वजन नसते. टाकीतले इंधन मागे लादलेल्या मालापुढे किरकोळ असते आणि बैतूल, इटारसी, भोपाळ करत वाटेत पंप लागतच राहतात. अंतराळयानाचा हिशेब नेमका उलटा आहे. 5 नोव्हेंबर 2013 रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या मंगळयानाचे वजन 1337 किलो होते आणि त्यातले 852 किलो निव्वळ इंधन होते. वाटेत पंप नाही, ब्रेक लावायला रस्ता नाही. वेग घ्यायचा तर इंधन जाळा, वेग कमी करायचा तरी इंधनच जाळा. माल किती न्यायचा हा प्रश्न तिथे सर्वांत शेवटी येतो. त्याआधी ठरवावे लागते की इंधन वाहून नेण्यासाठी आणखी किती इंधन लागेल, आणि ते वाहण्यासाठी आणखी किती.

या उलट्या हिशेबावर उभा असलेला खेळांचा एक वर्ग आहे. त्यात खेळाडू ग्रहांवर तळ उभारतो, ताफे पाठवतो, प्रतिस्पर्ध्याशी लढतो आणि मुख्य म्हणजे ताफ्यातली याने स्वतः घडवतो: इंजिन कोणते, टाकी केवढी, चिलखत किती जाड, तोफ घ्यायची की क्षेपणास्त्र. हे खेळ विज्ञानाला कितपत धरून असावेत, याबद्दल गेली पन्नासहून अधिक वर्षे वाद चालू आहे आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याला नव्याने धार आली आहे. त्या वादाची आजची स्थिती इथे मांडायची आहे. माझे मत आधीच सांगून ठेवलेले बरे. एखादा खेळ किती वास्तव आहे हे त्यातल्या तपशिलांच्या संख्येवरून ठरवू नये. यान घडवताना केलेल्या निवडीची किंमत पुढे नकाशावर मोजावी लागते का, हे पाहावे. या कसोटीवर नावाजलेले काही खेळ उणे ठरतात आणि काही साधे खेळ पुढे जातात, असे दिसते.

सुरुवात: तारा खरा, टॉर्पेडो खोटा

1962 मध्ये अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेत पीडीपी-1 नावाच्या संगणकावर काही तरुणांनी 'स्पेसवॉर!' हा खेळ तयार केला. पडद्याच्या मध्यभागी एक तारा, त्याचे गुरुत्वाकर्षण आणि त्याभोवती फिरत एकमेकांवर मारा करणारी दोन याने. मागचे तारांगणही खऱ्या आकाशावरून घेतले होते. पण यानांना ओढणारा तो तारा त्यांनी सोडलेल्या टॉर्पेडोंना मात्र ओढत नसे. प्रत्येक टॉर्पेडोचा वक्र मार्ग मोजण्याइतकी त्या संगणकाची ताकद नव्हती, म्हणून टॉर्पेडो सरळ रेषेत जात. आजच्या वादाचे बीज इथेच आहे. कुठले गणित करायचे आणि कुठले सोडायचे, हा निर्णय पहिल्याच खेळात घ्यावा लागला होता.

कागदावरच्या खेळांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. 1973 च्या 'ट्रायप्लॅनेटरी'मध्ये षट्कोनी घरांच्या नकाशावर प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा टाकून पेन्सिलीने यानाची रेघ ओढायची असे. मागच्या चालीत यान जितके सरकले तितकेच ते पुढच्या चालीत आपोआप सरकते. इंधन खर्च केले तरच त्या रेघेचे टोक हलते. न्यूटनचा पहिला नियम कुठलेही सूत्र न लिहिता खेळाडूच्या हातात आला. 1977 मध्ये आलेल्या 'ट्रॅव्हलर'ने आणि त्याच्या 'हाय गार्ड' या पुस्तकाने दुसरी गोष्ट दिली: यानाचा प्रत्येक टन कुठे जातो याचा ताळेबंद. इतके टन इंजिनाला, इतके इंधनाला, इतके तोफांना, बेरीज ठरलेल्या आकारमानापेक्षा जास्त होता कामा नये.

संगणकावर हा ताळेबंद लोकप्रिय केला तो 1993 च्या 'मास्टर ऑफ ओरायन'ने. समीक्षक ॲलन एमरिच यांनी शोध, विस्तार, दोहन आणि संहार या चार क्रियांवरून 'फोर-एक्स' ही संज्ञा याच खेळाच्या निमित्ताने रूढ केली. त्या खेळातला एक नियम आजही अभ्यासण्यासारखा आहे. खेळाडूला एका वेळी फक्त सहाच आराखडे ठेवता येत. सातवा हवा असेल तर जुना एखादा रद्द करायचा आणि त्या आराखड्याची असतील नसतील ती सगळी याने भंगारात काढायची. भौतिकशास्त्राशी या नियमाचा काहीही संबंध नाही. तरी नव्या तंत्रज्ञानाच्या मोहापायी उभा ताफा मोडायचा का, हा कुठल्याही आरमाराला पडणारा प्रश्न त्याने खेळाडूपुढे ठेवला.

पहिली भूमिका: आधी खेळ, मग भौतिकशास्त्र

पहिल्या पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे की खेळाडू निर्णय घ्यायला येतो, गणिताचा पेपर सोडवायला नाही. शेकडो ताऱ्यांचे साम्राज्य चालवताना एकेका यानाची कक्षा आखत बसणे अशक्य आहे. म्हणून या परंपरेत याने खाचांची बनलेली असतात: एका खाचेत तोफ, दुसरीत ढाल, तिसरीत इंजिन. अमुक शस्त्र ढालीवर चालते, तमुक चिलखतावर, आणि शत्रूने काय घेतले आहे ते पाहून आपण बदल करायचा. 'पॅराडॉक्स'चा 'स्टेलारिस' हा 2016 चा खेळ या परंपरेचा आजचा सर्वांत परिचित प्रतिनिधी आहे.

या पक्षाला उथळ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल, आणि याचा पुरावा 'स्टेलारिस'च्याच इतिहासात आहे. सुरुवातीला त्यात एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याच्या तीन पद्धती होत्या आणि प्रत्येक साम्राज्य आपापली पद्धत निवडू शके. 2018 च्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत निर्मात्यांनी सगळ्यांना ताऱ्या-ताऱ्यांमधल्या ठरावीक वाटांवर आणले. बरेच जुने खेळाडू नाराज झाले, पण निर्मात्यांचे कारण सबळ होते. कुठूनही कुठेही जाता येत असेल तर सीमा राखणे, खिंड अडवणे, ठाणे उभारणे यांना अर्थच उरत नाही. नकाशाला उंच-सखल भूगोल हवा, तरच डावपेच संभवतात. ही गोष्ट या पक्षाने अनुभवातून ओळखली.

फरक इतकाच की त्यांनी भूगोल बाहेरून आणून लादला. त्या वाटा तिथे का आहेत, याला खेळातल्या विश्वात उत्तर नाही, आणि यानाच्या घडणीचा त्या वाटांशी संबंध फारच पातळ आहे. सौंसर आणि पांढुर्णा या शेजारच्या गावांचे उदाहरण घेतले तर मुद्दा उघड होतो. पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर, तर सौंसर दीर्घकाळ अडीच फुटी छोट्या रेल्वेच्या नागपूर-छिंदवाडा मार्गावर होते. सातपुड्याच्या चढातली वळणे घ्यायला अरुंद रूळ सोयीचे होते. पण एकदा रुंदी ठरली की इंजिनाचा आकार, डब्याची क्षमता, गाडीचा वेग आणि नागपूरला माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरण्याचा खर्च, हे सगळेच ठरले. डोंगराने रूळ ठरवला, रुळाने गाडी ठरवली आणि गाडीने बाजार. खाचांच्या खेळांत ही साखळी तुटलेली असते. गाडी एका पडद्यावर घडते, रूळ दुसऱ्यावर असतात आणि दोघांना एकमेकांची दखल नसते.

दुसरी भूमिका: निसर्गाचे नियम हेच खेळाचे नियम

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे की अंतराळाला स्वतःचा भूगोल आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. अंतर किलोमीटरमध्ये मोजणे तिथे जवळजवळ निरर्थक असते. मोजायचा असतो तो वेगातला बदल. खेळाडूंच्या तोंडी यासाठी 'डेल्टा-व्ही' हा शब्द आहे. मराठीत त्याला यानाची वेग बदलण्याची एकूण ऐपत म्हणता येईल. ही ऐपत किती महाग आहे, ते त्सिओल्कोव्हस्की या रशियन शाळाशिक्षकाने 1903 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रातून कळते. समजा भरलेल्या यानाचे वजन रिकाम्याच्या तिप्पट आहे आणि त्यातून काही एक ऐपत मिळते. तीच दुप्पट हवी असेल तर वजन नऊपट लागते, तिप्पट हवी असेल तर सत्तावीसपट. चिलखताचा प्रत्येक पत्रा, प्रत्येक जादा तोफ, खलाशांची प्रत्येक खोली या पाढ्यातून गुणून निघते.

लोकांच्या हाती हे गणित सर्वांत जास्त दिले ते 'कर्बल स्पेस प्रोग्राम'ने. मेक्सिकोत तयार झालेला हा खेळ 2011 मध्ये लोकांपुढे आला आणि 2015 मध्ये पूर्ण झाला. तो डावपेचांचा खेळ नव्हे, त्यात शत्रू नाही. पण यान घडवणे आणि ते कक्षेत नेणे यांतले नाते त्याने जगभरच्या मुलांना शिकवले. चंद्रयान-3 14 जुलै 2023 ला निघून पृथ्वीभोवती मोठमोठ्या होत जाणाऱ्या कक्षा घेत 23 ऑगस्टला चंद्रावर का उतरले, थेट का गेले नाही, हे हा खेळ खेळलेल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. तरी याही खेळात तडजोडी आहेत. त्यातल्या ग्रहाची त्रिज्या फक्त 600 किलोमीटर आहे, पृथ्वीच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्यामुळे कक्षेत जाणे खऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. शिवाय यानावर एका वेळी एकाच ग्रहगोलाचे गुरुत्वाकर्षण चालते. याचा परिणाम असा की आदित्य-एल1 जिथे 6 जानेवारी 2024 ला पोहोचले, पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरची ती समतोलाची जागा या खेळाच्या मूळ रूपात अस्तित्वातच नाही.

या पक्षाचे टोक म्हणजे 2016 चा 'चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ'. एकट्या प्रोग्रामरचे हे काम. त्यात अनेक गोलांचे गुरुत्वाकर्षण एकाच वेळी मोजले जाते, आणि खेळाडू अणुभट्टीतला शीतक, तोफेच्या नळीचा धातू, लेसरच्या आरशाचा व्यास इथपर्यंत सगळे ठरवू शकतो. या खेळाने इतर सगळ्यांनी टाळलेली गोष्ट मध्यभागी आणली, ती म्हणजे उष्णता. अंतराळात हवा नाही, पाणी नाही. भट्टीत निर्माण झालेली नकोशी उष्णता फक्त प्रारणाने बाहेर टाकता येते आणि त्यासाठी मोठमोठे पंख लागतात. पंख जितका तप्त तितका तो जास्त उष्णता फेकतो, तेही चौथ्या घाताच्या प्रमाणात. तापमान दुप्पट केले तर तेवढ्याच पंखातून सोळापट उष्णता जाते. मग पंख लहान आणि तापून लाल ठेवावेत का? तसे केले तर भट्टीची कार्यक्षमता घसरते. मोठे आणि थंडगार ठेवले तर वजन वाढते, आणि शत्रूला मारायला रुंद लक्ष्य मिळते. तोफेच्या आकारापेक्षा पंखाचा आकार लढाईचा निकाल जास्त ठरवतो, हे या खेळातून खेळाडूला स्वतःच्या हाताने कळते. वास्तवतेच्या बाजूने यापेक्षा चांगला युक्तिवाद शब्दांत करता येणार नाही.

पण या टोकाची मर्यादाही इथेच दिसते. त्यात साम्राज्य नाही, अर्थकारण नाही. एकामागून एक मोहिमा आहेत. यानाची साखळी नकाशाशी घट्ट जोडली गेली, पण डावपेचांचा लांब पल्ला हरवला.

हिशेबनिसांची वाट

स्टीव्ह वॉम्स्ली यांचा 'ऑरोरा' हा फुकट मिळणारा खेळ या दोन्ही पक्षांत बसत नाही. 2020 मध्ये तो पूर्णपणे नव्याने लिहिला गेला. दिसायला तो रकाने आणि आकडे यांचा ढीग आहे आणि साध्या संगणकावरही चालतो. मौज अशी की त्यात न्यूटनचे नियम चक्क रद्द केले आहेत. अकरा काल्पनिक खनिजांच्या जोरावर याने जडत्वाशिवाय चालतात आणि इंजिन बंद केले की थांबतात. तरीही अनेक खेळाडू त्याला या वर्गातला सर्वांत वास्तव खेळ मानतात. कारण यान किती महिने तळापासून दूर राहू शकते, सुटे भाग संपले की काय होते, खलाशी कंटाळले की काय होते, अमुक आकाराचे लक्ष्य टिपायला रडार कोणत्या घडणीचे हवे, या सगळ्याची उत्तरे आराखड्यातच द्यावी लागतात आणि चुकीच्या उत्तराची किंमत वर्षभराने, कुठल्यातरी दूरच्या ताऱ्याजवळ मोजावी लागते. भौतिकशास्त्र खोटे आणि परिणाम खरे, असे हे मिश्रण आहे. 'मास्टर ऑफ ओरायन'च्या सहा आराखड्यांचेच हे पुढचे रूप. वास्तवतेचे माप तपशिलात नसून परिणामांत आहे, असे मी म्हणतो त्याला सर्वांत भक्कम आधार याच खेळाचा आहे.

मधला मार्ग

तिसरी भूमिका अशी की निसर्गाचे गणित पक्के ठेवायचे, पण ते खेळाडूने करायचे नाही. त्याच्यापुढे दोन-तीन आकडेच यावेत. फिल एक्लुंड यांचा 'हाय फ्रंटियर' हा 2010 चा पटावरचा खेळ याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा नकाशा सूर्यमालेचा असला तरी त्यावर अंतरे नाहीत, वाटा आहेत, आणि वाटेवर किती ठिकाणी इंजिन पेटवावे लागेल याच्या खुणा आहेत. रेल्वेच्या वेळापत्रकातल्या नकाशासारखा तो आहे: गावे खऱ्या अंतरावर नसतात, पण कुठे गाडी बदलायची ते अचूक कळते. शिवाय पाणी हेच तिथे इंधन आणि पाणी हेच चलन, त्यामुळे टाकी भरताना तिजोरी रिकामी होते. 

संगणकावर या मार्गाने सर्वांत मोठी झेप घेतली आहे ती 'टेरा इन्व्हिक्टा'ने. 2022 च्या सप्टेंबरमध्ये तो अपूर्ण रूपात विक्रीला आला. पृथ्वीवरच्या राष्ट्रांच्या राजकारणापासून सूर्यमालेतल्या तीनशेहून अधिक गोलांपर्यंत त्याचा पट आहे. यान घडवताना खेळाडूला इंजिन, ऊर्जास्रोत आणि उष्णता फेकणारे पंख वेगवेगळे निवडावे लागतात, आणि शेवटी हाती येतात दोन आकडे: यानाची वेग बदलण्याची ऐपत किती, आणि त्वरण किती. ऐपत जास्त पण त्वरण कमी असेल तर यान शनीपर्यंत जाईल, पण लढाईत वळणार नाही. उलट असेल तर घराजवळ शेर, दूर निरुपयोगी. सूत्र एकही दिसत नाही, पण सूत्राचा जाच प्रत्येक निर्णयात जाणवतो.

मराठी वाचकाला हा जाच ओळखीचा वाटावा. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत ही दोन्ही जहाजे इंग्रजांच्या मोठ्या जहाजांपेक्षा लहान, उथळ तळाची होती. गुराबांच्या मुख्य तोफा नाळेवरून समोर रोखलेल्या असत आणि वारा पडला की वल्ह्यांची गलबते त्यांना ओढून नेत. समोरासमोरच्या माऱ्यात मोठे जहाज सरस ठरले असते. पण उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, वारा नसताना लढायचे की नाही हे आंगरे ठरवत, इंग्रज नाही. जहाजाच्या तळाची खोली हा तिथे लढाई नाकारण्याचा अधिकार होता. अंतराळात तो अधिकार शिल्लक इंधनात असतो. ज्याच्या टाकीत जास्त वेग उरला आहे तो लढाईची वेळ आणि जागा ठरवतो. मधल्या मार्गाचे खेळ हे दाखवू शकतात, म्हणून आज या क्षेत्रातली सर्वांत फलदायी वाट मला तीच वाटते.

आक्षेप आणि न सुटलेले प्रश्न

यावर पहिला गंभीर आक्षेप असा की नियम जितके काटेकोर, तितके एकच सर्वोत्तम यान सापडण्याची शक्यता जास्त. आणि ते सापडले की घडवण्यातला रस संपला. याला ऐतिहासिक दाखला आहे. 1981 मध्ये संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनाट यांनी 'युरिस्को' नावाच्या आपल्या प्रोग्रामला 'ट्रॅव्हलर'चे जहाजबांधणीचे नियम दिले आणि त्याने सुचवलेला ताफा अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरवला. मोठी देखणी जहाजे घेऊन आलेल्या माणसांसमोर या ताफ्यात होती संख्येने प्रचंड, संथ, जाड चिलखताची, छोट्या शस्त्रांची जहाजे. तो जिंकला. पुढच्या वर्षी आयोजकांनी नियम बदलले. या वेळी प्रोग्रामने खराब झालेली स्वतःचीच जहाजे उडवून देण्याची युक्ती काढली, म्हणजे उरलेल्या ताफ्याची चपळाई टिकते. तो पुन्हा जिंकला. तिसऱ्यांदा आलात तर स्पर्धाच बंद करू, असे आयोजकांनी कळवले आणि लेनाट थांबले.

या दाखल्याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. वास्तवतेचे विरोधक म्हणतात, पाहा, आकड्यांचा खेळ शेवटी आकडेमोड करणाऱ्यानेच जिंकायचा. पण युरिस्कोने शोधलेल्या फटी नियमपुस्तकातल्या होत्या, निसर्गातल्या नव्हत्या. शिवाय त्या स्पर्धेत जहाजांना जायचे कुठेच नव्हते. ठरलेल्या पैशात ताफा बांधायचा आणि समोरच्याशी लढायचे, एवढेच. जिथे गुरूच्या चंद्रावर रसद पोहोचवायची आहे, मंगळाजवळ गस्त घालायची आहे आणि पृथ्वीच्या कक्षेत झटपट पोहोचायचे आहे, तिथे सर्वोत्तम यान एक नसून कामागणिक वेगळे असते. मला हे उत्तर पुरेसे बळकट वाटते, पण पूर्ण नाही. प्रत्येक कामासाठी एकेक सर्वोत्तम यान सापडले की पुढे काय, हा प्रश्न उरतोच. आणि संगणकाच्या बाजूचा प्रतिस्पर्धी अशा बारकाव्याच्या खेळात यान चांगले घडवेल, चांगले चालवेल आणि तरीही माणसाला संधी देईल, हे साधणे अजून अवघडच आहे.

दुसरा आक्षेप काळाचा. मंगळाला जायला कमी इंधनाच्या मार्गाने आठ-नऊ महिने लागतात आणि अनुकूल संधी साधारण 26 महिन्यांनी एकदा येते. संत्र्याच्या बागाईतदाराला ही शिस्त वेगळी सांगायला नको. आंबिया बहार धरायचा की मृग, बागेला ताण कधी द्यायचा, हे ठरवले की पुढे महिनोन्‌महिने वाट पाहणे आले, आणि बहार चुकला तर पुढच्यापर्यंत हात बांधलेले. एकट्याने खेळताना हा काळ वेगाने पुढे सरकवता येतो. पण दोघे-चौघे एकत्र खेळत असतील तर एकाची लढाई सेकंदांत चाललेली असते आणि दुसऱ्याचा ताफा आठ महिन्यांच्या प्रवासात असतो. घड्याळ कुणाचे धरायचे? चालींवर चालणारे पटावरचे खेळ यातून सुटतात. सलग काळात चालणाऱ्या संगणकी खेळांना याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. अंतराळात ताफ्यांची लढाई कधी झालेलीच नाही, मग वास्तव कशाला म्हणायचे? लेसरचा झोत अंतरागणिक पसरत जातो. क्षेपणास्त्राला स्वतःची ऐपत असते, पण ते वाटेतच पाडता येते. यांतले कोण वरचढ, यावर खेळाडूंत दोन तट आहेत. थंड, काळ्या आकाशासमोर तापलेले यान लपूच शकत नाही, असे एक मत. प्रचंड अंतर, नकली लक्ष्ये आणि ग्रहाचा आडोसा यांच्या मदतीने काही काळ लपता येईल, असे दुसरे. दोन्ही बाजू भौतिकशास्त्राचाच आधार घेतात, आणि न बनलेल्या यंत्रांबद्दल अंदाज करतात. म्हणून 'वास्तव' हे विशेषण जपून वापरावे, हे मान्यच करायला हवे. नियम ज्ञात आहेत, यंत्रे नाहीत.

मात्र जे थोडे प्रत्यक्षात घडले आहे, त्याकडे तरी खेळांनी पाहायला हवे. 27 मार्च 2019 च्या 'मिशन शक्ती'मध्ये भारताने सुमारे 300 किलोमीटर उंचीवरचा स्वतःचा उपग्रह क्षेपणास्त्राने पाडला. उंची मुद्दाम कमी ठेवली होती, म्हणजे तुकडे लवकर खाली येऊन जळतील. तरीही काही तुकडे बऱ्याच वरच्या कक्षांत फेकले गेले. चीनने 2007 मध्ये 800 किलोमीटरहून अधिक उंचीवर केलेल्या अशाच चाचणीचे तुकडे अजून फिरत आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीत पळसाचे झाड नदीत एका जागी रोवलेले असते, काठ आपापल्या जागी असतात आणि फेकलेला दगड पडला की पडून राहतो. लोक जखमी होतात, जीवही गेले आहेत, पण दगड संध्याकाळी पुन्हा उठून गावावर येत नाही. कक्षेत झाडही फिरते, काठही फिरतात आणि फेकलेला प्रत्येक दगड दीड तासाने परत येतो, फेकणाऱ्याच्या दिशेनेही. जिंकलेल्या लढाईने विजेत्याचीच कक्षा निकामी होणे, हा अंतराळातला बहुधा सर्वांत खरा डावपेचात्मक प्रश्न आहे. खेळांत मात्र फुटलेली याने पडद्यावरून विरून जातात. वास्तवतेचा आग्रह धरणाऱ्यांनी अणुभट्टीच्या धातूंवर घालवलेल्या श्रमांपैकी थोडे इथे घालवले असते तर बरे झाले असते.

भाषेचा आणि आवाक्याचा प्रश्न

यातले बहुतेक खेळ इंग्रजीत आहेत, नियम शेकडो पानांचे आहेत आणि अनेकांना चांगला संगणक लागतो. भारतात खेळणाऱ्यांचा मोठा वर्ग मोबाइलवर आहे, आणि घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या मुलाला हा उंबरठा अधिकच उंच पडतो. शब्दांची तयारी मराठीत नाही, असे मात्र नाही. कक्षा, मुक्तिवेग, त्वरण, जडत्व हे शब्द पाठ्यपुस्तकांनी रुळवले, उरलेले काम विज्ञानकथेने केले. 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवलेल्या आणि पहिली आलेल्या कथेचे नावच 'कृष्णविवर' होते. कल्पना ज्ञात विज्ञानाला किती धरून असावी, हा वाद मराठी विज्ञानकथेत तेव्हापासून चालत आला आहे. खेळांच्या वादाशी तो सख्खा आहे.

आवाक्याच्या प्रश्नाचे एक उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदी खेळात आहे. आलेखाचा कागद, पट्टी, दोन रंगांच्या पेन्सिली आणि एका पानात मावणारे मराठी नियम, एवढ्यावर तो सौंसरच्या कुठल्याही शाळेत मांडता येतो. आधी यान घडवायचे: एकूण बारा घरांचे वजन, त्यात माल, चिलखत, तोफ आणि इंधन कसे वाटायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे आणि कागदावर झाकून ठेवायचे. मग चाल. मागच्या वेळी यान तीन घरे पुढे आणि एक घर डावीकडे गेले असेल, तर ते या वेळीही तीन घरे पुढे आणि एक घर डावीकडेच जाणार. इंधनाचे एक घर खोडले, तरच रेघेचे टोक एका घराने हलवता येते. मध्यभागी एक ग्रह, त्याला खेटून जाणारी प्रत्येक रेघ एका घराने आत वळते. पाच-सहा चालींतच मुलांच्या लक्षात येते की चिलखत भरपूर घेतलेल्याचे यान ग्रहाला ओलांडून कागदाबाहेर चालले आहे आणि वळवायला आता खोडण्यासाठी एकही घर उरलेले नाही.